बिनवजनाचं भिंग

कपाटला लोक कपाट म्हणायचे ते उगाच नाही. गडी दारात उभा राहिला की मागचा उजेड बंद. सामान हलवायचा धंदा, त्याचा आणि त्याच्या थोरल्या भावाचा. लोकांची कपाटं, फ्रीज, पलंग, लोखंडी तिजोऱ्या एका घरातून काढायच्या, दुसऱ्या घरात ठेवायच्या आणि मधे जे काही जिने येतील ते चढायचे. उभी हयात दोघांनी त्यात घातली.

जिन्याचा कायदा साधा. जड वस्तू वर न्यायची तर एक माणूस वर, एक खाली. वरचा पाठमोरा चढतो. त्याला पायरी दिसत नाही, वळण दिसत नाही, कुणी मधेच ठेवलेली कुंडीही दिसत नाही. खालचा समोर बघत येतो, म्हणून खालचाच बोलतो. तो "भिंत" म्हणाला की भिंतीकडे सरकायचं. "कठडा" म्हणाला की कठड्याकडे. डावं-उजवं कुणी म्हणायचंच नाही, कारण दोघं तोंडासमोर तोंड करून चालतात. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं, आणि या घोळात लोकांचं काचेचं शोकेस जातं. "थांब" म्हटलं की थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. विचारपूस सामान टेकवल्यावर.

कपाट कायम वर, थोरला कायम खाली. म्हणजे बघा, या माणसाने जन्मभर जिने उलटे चढले, न बघता, फक्त भावाच्या आवाजावर. बायकोने "जरा बाजूला हो" म्हटलं तर तो तीनदा "का?" विचारायचा. थोरल्याने म्हटलं की शब्द पुरा व्हायच्या आत पाय हललेला.

मग एका वॉशिंग मशीनने घात केला. थोरल्याची पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

त्यानंतर कपाटने बरेच जोडीदार बघितले. एक पोरगा जिन्यात फोनवर बोलायचा. दुसरा नुसतं "इकडे, इकडे" ओरडायचा. "इकडे म्हणजे कुठे रे बाबा, मला पाठीला डोळे नाहीत!" असं कपाट म्हणेपर्यंत फ्रीज त्याच्या अंगठ्यावर. नख गेलं. त्या दिवसापासून कपाटने जिन्याची कामं घेणं सोडलं. तळमजल्यावरून तळमजल्यावर, बस्स. आणि आता तर एका गोदामावर राखणदाराची जागा आली होती. खुर्ची, पंखा आणि शिट्टी. शिट्टीसुद्धा तेच देणार होते.

नेमका तेव्हाच गाण्याच्या बाईंचा निरोप आला. बाईंनी नवी जागा घेतली होती, अगदी वरच्या मजल्यावर, आणि त्यांचा पियानो तिथे चढवायचा होता. उभा पियानो, जुन्या लाकडाचा. लिफ्ट नाही. सोमवारी.

"नाही म्हणून कळवून टाकतो," कपाट म्हणाला. थोरल्याच्या घरी बसला होता, चहा पुढ्यात. "आणि मंगळवारी जाऊन शिट्टी घेतो."

"मी येते ना खाली," चिमणी म्हणाली.

चिमणी म्हणजे थोरल्याची लेक. नाव लहानपणी पडलेलं, तेव्हा ती खरंच चिमणीएवढी होती. आता फरशीच्या दुकानात कामाला होती आणि फरशीचे खोके असे उचलायची की गिऱ्हाईक आपणहून बाजूला व्हायचं.

"तू?" कपाट हसला.

"हसायला काय झालं? ताकद नाही माझ्यात?"

"ताकद आहे गं. ताकद बैलातही असते. हाक कोण देणार? पियानो हातात घेऊन मी उलटा चढणार, मला काही दिसत नाही, आणि तू खालून म्हणणार, काका, इकडे!"

"मी नाही इकडे म्हणणार."

"ते आत्ता म्हणतेस."

"तिला नाही न्यायची," थोरला कोपऱ्यातून म्हणाला. उशी पाठीला लावून बसला होता. "माझी पाठ गेली तेवढी पुरे. घरात एकच लाकूड असू दे."

चिमणीने बापाकडे बघितलं, मग काकाकडे. "बाबांचं बाजूला ठेव. तू सांग, काका. हाक नीट दिली तर नेशील?"

"ते कळणार कसं? पियानो खाली पडल्यावर?"

"कळायची सोय आहे," चिमणी म्हणाली. "उद्या दुपारी माझ्याबरोबर चल. बाबा, तुम्हीपण. बसायला बाक आहे."

ती त्यांना घेऊन गेली ते व्हीआरच्या हॉलमध्ये. बाजाराच्या मागच्या गल्लीत, पूर्वी तिथे गाद्यांचं दुकान होतं. आता आत रिकामी जमीन, वर मऊ रबर अंथरलेलं, भिंतीवर खेळ बाहेरच्यांना दाखवणारा मोठा पडदा, आणि हेडसेट पुसत बसलेला हॉलवाला. काडीसारखा बारीक माणूस, पण तोंड तिखट.

"हे घातलं की दुसरीकडे जायचं," चिमणी समजावत होती. "समुद्रात एक मनोरा आहे. दिव्याचा. दिवा विझलाय. जहाजं खडकावर यायला लागलीत. आपण दोघांनी एकेक कोडं सोडवत आत शिरायचं, दिव्याचं भिंग शोधायचं, आणि ते जिन्याने वर नेऊन बसवायचं."

"जिन्याने?"

"गोल जिन्याने. दोघांनी समोरासमोर धरून. वरचा पाठमोरा."

कपाटने मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. पोरगी बनेल होती.

"भिंग वर गेलं, दिवा लागला, की सोमवारी मी पियानोला," ती म्हणाली. "फुटलं तर तू शिट्टी घे, मी परत कधी विषय काढणार नाही."

"चालेल," कपाट म्हणाला. त्याला वाटलं, खेळच तर आहे.

"दिवा अजून या हॉलमध्ये कुणी लावला नाही," हॉलवाला फडकं झटकत म्हणाला. "तसा खेळ चांगला आहे हो भाऊ, पण शेवटी सगळ्यांचं भिंग फुटतं. दोन भाऊ आले होते, भांडत बाहेर गेले. एक नवरा-बायको आले होते. ते परत एकत्र दिसले नाहीत."

हेडसेट डोक्यावर चढला आणि कपाट समुद्रात उभा राहिला.

आता खरं सांगायचं तर त्याच्या तोंडून आधी शिवीच गेली. पायाखाली ओल्या फळ्या, समोर पाणी वरखाली होतंय, वर एवढा मोठा मनोरा की मान मोडावी. वारा कानात शिरत होता. त्याने धक्क्याच्या कठड्याला टेकवायला हात पुढे केला, आणि हात आरपार गेला. कपाट झोकांडी खाऊन बाजूच्या खऱ्या भिंतीवर आपटला.

"कठडा धरायचा नाही!" हॉलवाला ओरडला. "निळ्या रेघा दिसल्या की समजायचं, खरी भिंत आली."

"मग कठडा दाखवता कशाला?" कपाट म्हणाला.

पण पुढचा भाग त्याला आवडला. मनापासून आवडला. मनोऱ्याच्या दारात एक होडी अडकली होती, आत जायचं तर ती बाहेर काढायची. कपाटने होडीला एकदा नाकापासून शेपटापर्यंत बघितलं, दाराची चौकट बघितली, आणि म्हणाला, "उभी कर. नाक आधी बाहेर, मग पोट फिरव." होडी सुळकन बाहेर.

"अरे वा!" हॉलवाला म्हणाला. "लोक इथेच अर्धा वेळ घालवतात."

"ज्याने हे बनवलंय," कपाट म्हणाला, "त्याने एकदा तरी सोफा दारातून काढलाय. पैजेवर सांगतो."

आत आरशांची खोली होती. एक आरसा चिमणीने फिरवायचा, एक कपाटने, आणि खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा नाचवत नाचवत कुलपावर पाडायचा. ते ऊन असलं भारी होतं, त्यात धूळ तरंगत होती, की कपाट आरसा सोडून धुळीकडेच बघत बसला. कोडी अवघड होती, पण लबाड नव्हती. उत्तर तिथेच खोलीत कुठेतरी असायचं, नीट बघणाऱ्याला सापडायचं. फसवाफसवी नाही.

पण खोट होतीच. किल्ली हातातून निसटली तर जमिनीतून खाली पडून गेली आणि अख्खी खोली पहिल्यापासून करावी लागली. हेडसेटच्या आत घामाची नदी. चालण्यासाठी हातातल्या दांड्यावरचं बटण दाबायचं, पाय जागेवरच. डोळे म्हणतात चाललो, पाय म्हणतात कुठे चाललो? कपाटच्या पोटात दुपारचं जेवण उलटं चढायला लागलं. आणि एक पोपट. कोडं वाचायच्या आधीच हा पोपट खांद्यावर बसून सल्ले द्यायचा. "आरसा बघा! आरसा बघा! भरती येतेय! घाई करा!"

"याची मान कुठे असते?" कपाटने विचारलं.

"त्याला काही करता येत नाही," चिमणी म्हणाली. "मी बघितलंय करून."

मग भिंग सापडलं. तळघरात, पेंढ्यात गुंडाळलेलं. गाडीच्या चाकाहून मोठं, जाड काच, कडेला पितळ, आणि त्यातून उजेड असा फुटत होता की कपाटने डोळे बारीक केले. मग त्याने खाली वाकून, गुडघे दुमडून, पाठ सरळ ठेवून, श्वास घेऊन ते उचललं. आणि तोंडात मारल्यासारखा उभा राहिला.

"वजनच नाही!"

"नसतंच, काका."

"कागद आहे हा! हॅट! याला काय उचलणं म्हणतात? वजन नाही तर दुसऱ्या टोकाचा माणूस काय करतोय हे मला कळणार कसं? वजनच तर सांगतं!"

बाकावरून थोरला म्हणाला, "वजन नाही? खरंच नाही?" आवाज असा की जणू त्याला कुणी गोड खायला बोलावलंय. "मग मला एकदा..."

"बाबा, बसा तुम्ही," चिमणी म्हणाली. "काका, दांडे हातात थरथरतात बघ. मी जास्त ओढलं की तुझ्या हाताला थरथर येते. तू ओढलंस की माझ्या. ती थरथर म्हणजे वजन समज. फार वाढली की भिंग फुटतं."

कपाटने थोडं ओढून बघितलं. चिमणी म्हणाली, "आलं." तिने ओढलं. त्याच्या तळव्याला मुंग्या आल्या. ठीक आहे. वजनाची जागा काही भरून निघाली नाही, पण अगदीच मुकं नव्हतं.

गोल जिना. मधे जाड दगडी खांब, बाहेरून भिंत. कठडा नव्हता, म्हणून त्यांनी हाका ठरवल्या, "भिंत" आणि "खांब". कपाट वर, पाठमोरा. चिमणी खाली.

"चढ," ती म्हणाली. "चढ. चढ. खांब जरासा. चढ."

हाक वाईट नव्हती. कपाटला कबूल करायचं नव्हतं, पण नव्हती. शब्द मोजका, वेळेवर, आणि आवाजात धावपळ नाही. खाली पाणी शिरल्याचा आवाज येत होता. पोपट बोंबलत होता. "भरती! भरती! पळा!"

अर्ध्या जिन्यात भिंतीतून एक तुळई आडवी आली होती. चिमणी म्हणाली, "खांब!"

आणि त्याच क्षणी कुठूनतरी आवाज आला, "भिंत! अरे भिंत!"

कपाटचे हात भिंतीकडे गेले. विचार करायला वेळच नव्हता, हात आपोआप गेले. दांडे हातात मधमाश्यांसारखे घोंगावले, तुळई आली, आणि भिंगाच्या हजार ठिकऱ्या होऊन जिन्याच्या पायऱ्यांवरून खळखळत खाली गेल्या.

पोपट म्हणाला, "अरेरे!"

कपाटने हेडसेट ओरबाडून काढला. तोंड लाल, केस ओले. "बघितलंस? हाच घोळ! एकदा खांब, एकदा भिंत! एक काय ते म्हण ना बाई!"

चिमणीनेही हेडसेट काढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ताठ होता. "मी खांबच म्हणाले. एकदाच."

"मग भिंत कोण म्हणालं?"

हॉलवाल्याने हातातल्या फडक्यानेच बाकाकडे दाखवलं.

बाकावर थोरला पुढे सरकून बसला होता, दोन्ही हात हवेत, न दिसणारं काहीतरी खालून धरल्यासारखे. पडद्याकडे बघत होता. त्याने हळूच हात खाली घेतले.

"पडद्यावर मला उलटं दिसलं," तो म्हणाला. "म्हणजे... निघून गेलं तोंडातून."

"आणि तू त्यांचं ऐकलंस, काका," चिमणी म्हणाली. "मी तुझ्या समोर उभी. भिंग माझ्या हातात. तुळई मला दिसतेय. आणि तू बाकावरच्या माणसाचं ऐकलंस."

पोरगी बरोबर बोलत होती. आयुष्यभर एकाच आवाजावर चाललेला माणूस, तो आवाज बाकावरून आला काय आणि पाताळातून आला काय, पाय तिकडेच जाणार. मागचे सगळे जोडीदार त्याला आठवले. फोनवाला सोड, तो कामाचाच नव्हता. पण बाकीचे? त्यांच्यातलं कुणी कधी बरोबर हाक दिलीच नसेल? की हा त्या हाकेत भावाचा आवाज शोधत बसला?

"फुटलं," तो शेवटी म्हणाला. "पैज पैज असते."

"पैज माझ्या हाकेवर होती," चिमणी म्हणाली. "माझ्या हाकेने फुटलेलं नाही."

"वकील व्हायला हवी होती ही," हॉलवाला म्हणाला. "पुढचं गिऱ्हाईक यायला वेळ आहे. तळघरापासून परत सुरू करून देतो. पण ही शेवटची फेरी, मला दुकान चालवायचंय."

कपाटने भावाकडे बघितलं. थोरला उठला. एका हाताने पाठ धरत. लेकीकडे बघितलं. मग गळ्यातला मफलर सोडला, तोंडावरून घेतला, आणि मागे गाठ मारली. दरोडेखोर दिसत होता. तसाच परत बाकावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

"हे बरं झालं," हॉलवाला म्हणाला. "हे वहिनींना दाखवायला पाहिजे."

मफलरातून काहीतरी आलं. ते न कळलं तेच बरं.

दुसऱ्यांदा तळघर. दुसऱ्यांदा भिंग, पेंढ्यात झळाळणारं. कपाटने ते धरलं आणि चढायला पाठ केली, आणि तेव्हा त्याला जाणवलं की आपण घाबरलोय. त्या पुठ्ठ्यासारख्या, बिनवजनाच्या वस्तूला. कारण कान रिकामे होते. थोरला हाकेच्या अंतरावर असून पाठमोरं चढताना त्याचा आवाज येणार नाही, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

"काका," खालून चिमणी म्हणाली. "मी आहे."

"बोल मग."

"चढ. चढ. भिंत. अजून. बस. चढ."

तुळई आली. "खांब," ती म्हणाली. कपाट खांबाकडे सरकला. तुळई पाठीमागून कुठूनतरी निघून गेली असावी, कारण भिंग अजून हातात होतं. बाकावरून एक मोठा श्वास ऐकू आला. मफलरातून गाळलेला.

इथून पुढे मात्र घोडं अडायची जागा होती. जिना अरुंद होत गेला. पाण्याचा आवाज मोठा झाला, लाटा खालच्या पायऱ्यांवर आपटायला लागल्या, दिवे लुकलुकले, आणि पोपट पिसाळला. "बुडाल! बुडाल! पळा! पळा! पळा!" हातातल्या दांड्यांना थरथर सुरू झाली, आधी हलकी, मग जोरात. दोघांचेही हात थकले होते. वजन नसलं म्हणून काय, हात पुढे धरून उभं राहणं हेही कामच. आणि इथेच सगळ्यांचं फुटत असणार, हे कपाटला कळलं. पाणी येतंय म्हणून पळायचं, पळताना थरथर वाढते, आणि गेलं.

"थांब," चिमणी म्हणाली.

"थांबू?"

शब्द तोंडातून गेला आणि कपाटने जीभ चावली. पण बटणावरचा अंगठा मात्र उठला होता. विचारायच्या आधीच उठला होता.

"टेकव. पायरीवर. हळू."

आता हे तर वेडेपणाचं होतं. पाणी खालून वर येतंय, पोपट कानात मरतोय, आणि ही म्हणतेय सामान खाली ठेव. कपाटच्या डोक्यात शंभर प्रश्न उठले. त्याने सगळे गिळले. गुडघे वाकवले, आणि भिंग पायरीवर टेकवलं.

"आता विचार," चिमणी म्हणाली.

"का?"

"खालच्या भिंतीवर शेवाळ होतं. हिरवंगार, ओलं. एका रेघेपर्यंत. त्याच्या वर दगड कोरडा. रेघ खाली राहिली, काका. पाणी तिथपर्यंतच येतं. पोपट काहीही बोलतो."

कपाटला खाली बघता येत होतं आता, भिंग हातात नव्हतं. त्याने बघितलं. लाट आली, हिरव्या रेघेला टेकली, आणि आज्ञाधारकपणे परत गेली. पुन्हा आली, पुन्हा तिथेच.

"घाई करा!" पोपट म्हणाला.

"तू गप," कपाट म्हणाला. "आम्ही दम खातोय."

हॉलवाला हातातलं फडकं विसरून उभा होता. "इथे ठेवता येतं?" तो म्हणाला. "मला वाटलं खाली ठेवलं की फुटतं. कुणी ठेवूनच बघितलं नाही!"

दोघांनी हात झटकले, खांदे फिरवले. कपाटने पोटातल्या जेवणाला जागेवर बसायला सांगितलं. पोरीचा श्वास त्याला ऐकू येत होता, एका लयीत. त्याचा त्याच लयीत कधी गेला, कळलंही नाही.

"धरलं?" ती म्हणाली.

"धरलं."

"चढ."

आता कपाट ऐकत नव्हताच म्हणा ना. म्हणजे कानाने ऐकत होता, पण मधे काही राहिलं नव्हतं. "भिंत" म्हणाली की तो भिंतीकडे असायचा. "खांब" म्हणाली की खांबाकडे. थरथर विझली. दांडे मुके झाले, आणि त्या मुकेपणात त्याला दुसऱ्या टोकाचा माणूस स्पष्ट कळत होता, वजनाने कळतो तसाच. वळण, वळण, आणखी एक वळण. मग पाठीमागून वारा आला. खरा नव्हे, पण आला.

"शेवटची पायरी. मागे ये. अजून. थांब. उचल. बसव."

भिंग पितळी कड्यात बसलं. खट्.

एक क्षण काही झालं नाही. कपाटला वाटलं, बिघडलं. मग मधे एक ठिणगी, आणि तो दिवा असा काही पेटला की अख्खा समुद्र पांढरा झाला. उजेडाचा पट्टा फिरला, लाटांवरून, खडकांवरून, आणि लांब कुठेतरी अंधारात एक जहाज दिसलं, मग दुसरं, आणि दोन्ही जहाजांनी भोंगे दिले. खेळच होता, माहीत होतं त्याला. वजन नव्हतं, कठडा खोटा होता, पोपट नालायक होता. तरी त्या भोंग्यांनी त्याच्या अंगावर काटा आला.

"वाजव की टाळ्या, माणसा!" तो हॉलवाल्यावर ओरडला, हेडसेटमधूनच, चुकीच्या दिशेला.

हॉलवाला वाजवतच होता. आणि थोरला बाकावरून उठला होता, मफलर गळ्यात घसरलेला, डोळे भरलेले, एक शब्द न बोलता. बोलायची परवानगी अजून कुणी दिली नव्हती.

"बाबा, आता बोला," चिमणी म्हणाली.

"वळणावर कोपर आत घे," थोरला म्हणाला. "पियानोला. कोपर बाहेर राहिलं तर सालपटं निघतात."

म्हणजे झालं. घरातून हो होतं. कपाटने हेडसेट काढला, तोंड पुसलं, आणि पोरीला म्हणाला, "सोमवारी रबराचे बूट घाल. आणि गोदामवाल्याला फोन लाव, शिट्टी दुसऱ्याला द्या म्हणावं."

सोमवारी सकाळी गाण्याच्या बाईंच्या जिन्यात पियानो उभा होता, पट्ट्यांनी आवळलेला. कपाट वर, चिमणी खाली. थोरल्याला खालच्या फाटकापाशी उभं केलं होतं.

पियानो उचलला आणि चिमणीचे डोळेच बाहेर आले. "अगं आई गं! खेळात हे नव्हतं!"

"म्हणालो नव्हतो?" कपाट वरून खदखदला. त्याला आता असा आनंद झाला होता की काही विचारू नका. वजन! खरंखुरं, जुन्या लाकडाचं, खांद्यात शिरणारं वजन, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला पोरगी, तिचा प्रत्येक स्नायू त्याला पट्ट्यांतून कळत होता. "कोपर!"

"आत आहे. चढ."

ती बोलत गेली, तो चढत गेला. मजल्यामजल्यावर दारं उघडली, लोक बघायला आले. एका वळणावर "थांब" आली, तो थांबला. कुणाची तरी सायकल आडवी होती, ती काढेपर्यंत पियानो पायरीवर बसून राहिला. चिमणीला घाई नव्हती. त्यालाही नव्हती. वरच्या मजल्यावरच्या बाई दार धरून उभ्या होत्या, त्यांना बघवतही नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"उंबरा. उचल. मागे, मागे. टेकव."

पियानो घरात बसला. कुठे ओरखडा नाही. आतल्या तारा एकदा हलकेच गुणगुणल्या, बाईंनी त्यावर हात ठेवला, आणि चिमणी होती तिथेच जमिनीवर आडवी झाली, हात पसरून, घामाने चिंब, छताकडे बघत मोठ्यामोठ्याने हसत.

"अजून काय आहे?" तिने विचारलं.

"फक्त बसायचं स्टूल राहिलं," बाई म्हणाल्या. "खाली फाटकापाशी."

कपाटने जिन्यातून वाकून आरोळी ठोकली. "दादा! आलं वर! अखंड!"

खालून असा काही आनंदाचा आवाज आला की मधल्या मजल्यावरची लोकंही हसली. आणि त्याच्यामागोमाग, "स्टूल घेऊन येतो मी!"

चिमणी ताडकन उठून कठड्यापाशी आली. "बाबा, टेकवा ते!"

खाली खट् असा आवाज झाला. थोरल्याने टेकवलं होतं. का, ते विचारलंसुद्धा नाही.